मालमोटारीची उन्हाळपूर्व निगा

परभणी येथील हजरत तुराबुल हक दर्ग्याचा फेब्रुवारीतील उरूस आटोपला, की जिल्ह्यातील थंडीचा जोर ओसरू लागतो. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण म्हणतो ते दिवस समोर दिसू लागतात. नेमक्या याच सुमारास जिल्ह्यातील मालवाहतुकीचा सर्वांत धकाधकीचा हंगामही उतरणीला लागलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेली ऊसतोडणी संपत येते, मानवत आणि सेलूच्या बाजारपेठांतील कापसाची आवक मंदावते आणि चार-पाच महिने अहोरात्र धावलेल्या मालमोटारी प्रथमच काही दिवस उभ्या राहतात.

ही विश्रांती अल्पकाळाची असते. लवकरच रब्बीची ज्वारी आणि हरभरा यांची वाहतूक सुरू होते, खरिपासाठी खते आणि बियाणे आणावी लागतात आणि टंचाईच्या वर्षी याच मालमोटारींपैकी काहींवर पाण्याच्या टाक्या चढतात. ज्या जिल्ह्यात हिवाळ्यातील पहाटेचे तापमान कित्येकदा १० अंश सेल्सियसच्या खाली उतरते, त्याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. माणूस या बदलासाठी कपडे बदलतो, घरात माठ मांडतो. वाहनाच्या बाबतीत मात्र ‘चालते आहे तोवर चालू द्यावे’ अशी वृत्ती अनेक ठिकाणी आढळते. उन्हाळ्यात भर रस्त्यात उघड होणारे अनेक बिघाड हे प्रत्यक्षात हिवाळ्यात सुरू झालेले असतात. ते होळी आणि पाडव्याच्या दरम्यान शोधून काढले, तर खर्चही वाचतो आणि प्राणही वाचतात. या दृष्टीने काय पाहावे आणि का पाहावे, याची माहिती येथे दिली आहे.

हंगामाने वाहनावर केलेला परिणाम

गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील जमीन काळी व चिकण आहे. जायकवाडीच्या कालव्याखालील उसाच्या फडात ती हिवाळ्यातही ओली असते. अशा फडातून भरलेली गाडी बाहेर काढताना चाके रुततात, गाडी हिसके देत ओढली जाते आणि त्या हिसक्यांचा सारा ताण क्लच, मागील आस व पाटे यांवर येतो. काळी माती ओली असताना फुगते व चिकटते, वाळल्यावर आकसून दगडासारखी घट्ट होते. ब्रेकच्या ड्रमाभोवती, पाट्यांच्या फटींत आणि सांगाड्याच्या कोपऱ्यांत बसलेली ही माती ओलावा धरून ठेवते व आतल्या आत लोखंड गंजते.

याखेरीज उसाचे पाचट आणि कापसाचे तंतू रेडिएटरच्या बारीक जाळीत अडकतात. साखर कारखान्याच्या आवारात गाडी तासन् तास रांगेत उभी असते आणि थोडी थोडी पुढे सरकत राहते. या काळात इंजिन चालू राहते, परंतु गाडीने कापलेल्या किलोमीटरच्या आकड्यात ते दिसत नाही. म्हणून केवळ किलोमीटर मोजून तेल बदलणाऱ्या मालकाचा हिशेब हंगामात चुकतो. अतिभार वाहिला असेल, तर त्याची खूण वाहनाच्या अंगावर राहतेच.

प्रथम धुलाई, मग तपासणी

निगेची सुरुवात स्वच्छ धुण्यापासून करावी. चिखलाखाली झाकलेली भेग कोणत्याही कुशल मिस्त्रीला दिसणार नाही. गाडीचा खालचा भाग पाण्याच्या झोताने धुवावा. परंतु बॅटरी, वायरींचे जोड आणि हवेच्या गाळणीचे तोंड यांवर झोत मारू नये. रेडिएटरची जाळी धुताना पाणी हलक्या दाबाने, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने सोडावे, म्हणजे अडकलेले पाचट मागे न जाता बाहेर पडते. जोरदार झोताने जाळीची नाजूक पाती वाकतात व हवेचा मार्ग बंद होतो. धुतल्यानंतर गाडी पूर्ण वाळू द्यावी आणि मगच वंगण भरावे. नवे वंगण सांध्याच्या कडेने बाहेर दिसेपर्यंत भरले, तर आतील मातकट जुने वंगण निघून जाते.

पाटे आणि सांगाडा

मालाचा सारा भार पोलादी पाट्यांच्या कमानींवर तोललेला असतो. एक पाटा तुटला तरी गाडी चालत राहते, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु त्याचा भार शेजारच्या पाट्यांवर पडतो, गाडी एका अंगाला झुकते, आस किंचित तिरका होतो आणि टायर एका कडेने झिजू लागतात. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून दोन्ही बाजूंची उंची मोजल्यास हा दोष सहज लक्षात येतो. पाटे आसाला घट्ट धरणारे यू-बोल्ट हंगामातील हादऱ्यांनी सैल होतात. ते ठरलेल्या जोराने आवळावेत. सांगाड्यावर, विशेषतः आडव्या पट्ट्यांच्या जोडापाशी, रंगाला गेलेले तडे आणि त्यांतून उतरलेला तांबूस गंज ही भेगेची पूर्वसूचना समजावी. अशा भेगेवर केवळ वरवरचे वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये.

टायरमधील हवेविषयीचा गैरसमज

उन्हाळ्यात टायर फुटण्याच्या भीतीने काही चालक दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडतात. हेतू चांगला असला तरी ही कृती घातक आहे. कसे, ते पाहू.

टायरमधील हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो हे खरे. जानेवारीच्या पहाटे १० अंश तापमानात ११० पौंड हवा भरलेल्या टायरमध्ये, एक थेंबही हवा न भरता, ४२ अंशांना सुमारे १२४ पौंड दाब होतो. गाडी धावू लागली की घर्षणाने तो आणखी वाढतो. परंतु टायर बनविणाऱ्यांनी ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते आणि त्यांनी सांगितलेला दाब हा थंड टायरचा असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडली, तर थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा ठरतो. कमी हवेच्या टायरच्या बाजू भाराखाली प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, वाकल्याने अधिक तापतात आणि अखेर रबर आतील धाग्यांपासून किंवा तारांपासून सुटू लागते. हवा कमी आणि भार जास्त अशा स्थितीत, दुपारी ६० अंशांच्या आसपास तापलेल्या डांबरी रस्त्यावर वेगाने धावणारे टायर फुटण्याचा धोका सर्वाधिक असतो.

म्हणून ऋतू बदलताना सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना, प्रत्येक टायरची हवा मापकाने मोजावी आणि ती उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी करावी. टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखण्याची पद्धत पंक्चर टायर दाखवील, दहा-पंधरा पौंडांची तूट दाखविणार नाही. मागील जोडचाकांपैकी आतील टायर सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. त्याची हवा कमी असेल, तर बाहेरचा टायर दोघांचा भार वाहतो. दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड काढून टाकावा. जोडीतील दोन्ही टायर सारख्या झिजेचे असावेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मालमोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. रिमोल्ड केलेले टायर पुढील चाकांना लावू नयेत, कारण पुढचा टायर फुटल्यास सुकाणूवरील ताबाच जातो. स्टेपनीची हवाही याच वेळी पाहावी.

ब्रेक : हिवाळ्याचे पाणी, उन्हाळ्याची उष्णता

मालमोटारीचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. हवा दाबली जाऊन पुन्हा थंड होते, तेव्हा तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. थंडीच्या रात्री हे प्रमाण वाढते. साचलेले पाणी टाकी गंजविते आणि पुढे झडपांपर्यंत पोहोचून त्यांचे कार्य बिघडविते. म्हणून सर्व टाक्यांतील पाणी खालचे तोंड उघडून काढावे व हा क्रम रोज पाळावा. हवा कोरडी करणारे यंत्र बसविलेल्या गाड्यांत त्याची गाळणी मुदतीत बदलावी. टाकीतून पाण्याबरोबर फार तेल येत असल्यास हवा दाबणारे यंत्र झिजले आहे असे समजावे.

यानंतर टाक्या पूर्ण भरून इंजिन बंद करावे, ब्रेक दाबून धरावा आणि दाबमापकाकडे पाहावे. काटा सतत उतरत असेल, तर कोठेतरी गळती आहे. शांत जागी ती कानाने ऐकू येते व साबणाच्या पाण्याने नेमकी सापडते.

उन्हाळ्यात ब्रेकवर दुसरा ताण येतो. वारंवार ब्रेक लावल्याने ड्रम तापतो, प्रसरण पावतो आणि लायनरपासून किंचित दूर जातो. लायनर झिजलेले असेल किंवा ब्रेकची जुळवणी सैल असेल, तर तेवढ्या वाढीव अंतराने ब्रेकची उरलीसुरली ताकद संपते. परभणी जिल्हा बराचसा सपाट असल्याने ही उणीव स्थानिक खेपांत जाणवत नाही. तीच गाडी गंगाखेडच्या दक्षिणेकडील बालाघाटच्या डोंगररांगांत किंवा पुढे कोकणात उतरणाऱ्या घाटात गेली, की चूक सुधारण्याची संधी राहत नाही. यास्तव प्रत्येक चाकाचा ड्रम उघडून लायनरची जाडी पाहावी, आत वाळलेला चिखल काढावा आणि चारही बाजूंची जुळवणी सारखी करून घ्यावी. चाक काढून बसविल्यावर नट आवळावेत आणि पहिल्या खेपेनंतर ते पुन्हा आवळावेत.

इंजिनाचे तापमान

थंडीत इंजिन लवकर तापावे म्हणून काही चालक रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा गोणपाट लावतात. तो सर्वप्रथम काढून टाकावा. काहीजण उन्हाळ्यात इंजिन थंड राहावे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. हा उपायही चुकीचा आहे. थर्मोस्टॅट इंजिनाचे तापमान योग्य मर्यादेत राखतो. तो नसेल, तर इंजिन प्रमाणापेक्षा थंड चालून इंधन अधिक जळते, आणि काही रचनांमध्ये पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते व इंजिन उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट बिघडला असेल, तर नवा बसवावा.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची सवय सार्वत्रिक आहे. हे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार इंजिनाच्या आतील मार्गांत खापरीसारखे बसतात आणि उष्णता बाहेर पडू देत नाहीत. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न विचारला जातो. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि धातू गंजण्यापासून वाचतो, हे दोन्ही गुण परभणीच्या उन्हाळ्यात उपयोगाचे आहेत. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आणि रबर यांचीही तपासणी व्हावी. हे झाकण आतील दाब टिकवून पाण्याला लवकर उकळू देत नाही. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने चेहरा व हात भाजतात.

पंख्याच्या पट्ट्याला भेगा असतील, तर तो बदलावा. इंजिनाचे तेल आणि तेलगाळणी हंगामाच्या अखेरीस बदलणे इष्ट होय. हल्लीची बहुश्रेणी तेले हिवाळा-उन्हाळा दोन्हींत चालतात, तेव्हा केवळ ऋतूसाठी जाडसर तेल शोधण्याची आवश्यकता नाही. हवेच्या गाळणीतील धूळ साफ करावी. गाळणी फाटली असल्यास ती पुन्हा वापरू नये, कारण शिवाररस्त्यावरील बारीक धूळ थेट इंजिनात जाऊन पिस्टन झिजविते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या अनेक मालमोटारींत धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण लागते. हे द्रावण उन्हात ठेवल्यास खराब होते. डबे सावलीत ठेवावेत. पैसे वाचविण्यासाठी शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून टाकीत भरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात इतर अशुद्ध घटक असतात आणि त्याने ही महाग यंत्रणा निकामी होते. शिवाय शेतकऱ्याच्या अनुदानित खताचा असा वापर कायद्यानेही वर्ज्य आहे.

बॅटरी आणि वायरी

थंडीच्या सकाळी इंजिन सुरू होण्यास कुरकुर करीत असेल, तर ती बॅटरीची तक्रार असू शकते. ऊन वाढले की कुरकुर थांबते आणि चालक निश्चिंत होतो. वास्तविक बॅटरीचे आयुष्य उष्णतेनेच अधिक वेगाने घटते. तिच्यातील पाणी उडते व पाती उघडी पडतात. म्हणून केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालून पातळी राखावी, टोकांवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुवावी आणि टोके आवळून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. आवरण खरचटलेल्या किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरी त्वरित बदलाव्यात. कापूस, गाठी किंवा कडबा वाहणाऱ्या गाडीत एक ठिणगी सारे भस्मसात करण्यास पुरेशी असते. सायलेन्सरची गळतीही याच कारणासाठी बंद करावी आणि अग्निशामक नळकांड्याची मुदत पाहून ठेवावी. मागील दिवे आणि परावर्तक पट्ट्या हंगामात चिखलाने व उसाच्या मोळ्यांनी घासून गेलेल्या असतात. त्या नव्याने लावाव्यात.

पाण्याचा टँकर : विशेष दक्षता

टंचाईच्या काळात गावाचे पिण्याचे पाणी ज्या वाहनावर अवलंबून असते, त्याची स्थिती हा केवळ मालकाचा खासगी प्रश्न राहत नाही. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन भार होय. शिवाय हा भार स्थिर नसतो. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका बाजूस आणि ब्रेक लावताना पुढे धावते, त्यामुळे गाडी उलटण्याचा धोका संभवतो. टाकीत आडवे पडदे आहेत काय, टाकी सांगाड्याला बोल्टने पक्की जखडली आहे काय, या गोष्टी पहिल्या खेपेपूर्वीच पाहाव्यात. टँकर दोन दिवस बंद पडला, तर त्याची किंमत गावातील महिलांना डोक्यावरील हंड्याने चुकवावी लागते, हे विसरता येत नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार वाहतुकीच्या वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास ते दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या वाहनास दरवर्षी घ्यावे लागते. ‘पासिंग’च्या दिवसापुरते चांगले टायर उसने लावणे ही स्वतःचीच फसवणूक होय; प्रमाणपत्र कागदावर राहते आणि रस्त्यावर जुनेच टायर धावतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशा दंडाची तरतूद आहे. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत गाडी चालविली, तर वर सांगितलेल्या दुरुस्त्यांपैकी निम्म्या टळतात.

चालकाची निगा

वाहनाइतकीच काळजी चालकाची घ्यावयास हवी. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या चालक-कक्षात वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले आहे. परंतु रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांत ही सोय नाही. तेथे इंजिनाची उष्णता कक्षात येऊ न देणारे आवरण दुरुस्त करणे, खिडक्यांच्या काचा नीट उघडतील असे पाहणे, पिण्याचे पुरेसे पाणी ठेवणे आणि दुपारच्या तीन-चार तासांत विश्रांती देणे, एवढे मालकाला करता येईल. रात्रपाळीने थकलेल्या चालकास हंगाम संपताच लांबच्या खेपेवर पाठविणे टाळावे.

गावाने काय करावे?

या सर्व कामांस साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. ते उभे राहिल्याने काही खेपा बुडतात, आणि बँकेचा हप्ता डोक्यावर असलेल्या एका गाडीच्या मालकाला हे दिवस महाग वाटतात. त्याची अडचण खरी आहे. तथापि महामार्गावर फुटलेला एक टायर, अडकून पडलेला माल आणि तेथवर न्यावा लागणारा मिस्त्री यांचा एकत्रित खर्च बहुधा या दोन दिवसांपेक्षा अधिक होतो. जीवितहानीचे मोल तर करताच येत नाही.

ग्रामपंचायतींना यात साह्य करता येईल. ज्या गावांत दहा-वीस मालमोटारी व ट्रॅक्टर-ट्रॉल्या आहेत, तेथे हंगामाच्या अखेरीस एका दिवसाचे तपासणी शिबिर भरवावे. परिवहन कार्यालयातील निरीक्षक व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डिझेल मेकॅनिक विषयाचे निदेशक यांना मार्गदर्शनासाठी निमंत्रित करता येईल. टँकर गावात प्रथम येईल त्या दिवशी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी टायर, दिवे, टाकीची जखडण आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत एवढ्या चार गोष्टी स्वतः पाहाव्यात. त्यास पाव तासही लागत नाही. शिक्षकांना टायर आणि हवेचा वर दिलेला हिशेब विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मांडता येईल. वर्गातील एखाद्या मुलाचे वडील त्या रात्री गाडीवर असतील, आणि हवा का सोडू नये हे त्यांना घरातूनच कळेल.

कल्याणहून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ पाथरी, मानवत व परभणी या गावांवरून जातो. त्याच रस्त्याने शाळेची मुले सायकलवर जातात, शेतकरी बैलगाडी घेऊन जातो आणि टँकरही जातो. त्यावर उन्हाळ्यात धावणारी प्रत्येक मालमोटार नीट तपासून निघालेली असावी, एवढी काळजी पाडव्यापूर्वी घेणे आपणा सर्वांच्या आवाक्यात आहे.